काळे वाटाणे, पांढरे पावटे

“मुलगी गुणाची आहे, पण हिच्यासोबत देवालासुद्धा कंटाळा येईल हो.”

स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे वाक्य बाहेर आलं तेव्हा मी त्याच खिडकीखाली, दोरीवर ओली चादर टाकत उभी होते. बोलणाऱ्या होत्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर. मूळच्या मालवणकडच्या, साठीच्या, आणि आवाज असा की कुजबुजल्या तरी फाटकापर्यंत जावा. ‘मुलगी’ म्हणजे मीच, यात शंका नव्हती. आम्ही उमेदवार मुली तिघीच होतो आणि बाकीच्या दोघींचा कुणालाच कंटाळा येणं शक्य नव्हतं.

“ईस्टरपर्यंत बघू या,” दुसरा आवाज आला. तो आमच्यावर देखरेख करणाऱ्या सिस्टरांचा. “तोवर मोकळी झाली तर ठीक. नाहीतर घरी पाठवावं लागेल. इथे राहून घुसमटण्यापेक्षा ते बरं.”

चादरीला चिमटे लावून झाले होते. उरलेला एक चिमटा मी दातांत धरला होता, तो तसाच राहिला. मी कुणाशी बोलत नाही अशी तक्रार चालू असताना आपल्या तोंडात चिमटा असावा, हे मला त्या क्षणीही जरा गमतीचं वाटलं. मग मी बोटांवर मोजलं. ईस्टरला अडीच महिने होते.

हे घर मुलुंडला, पश्चिमेकडे, जिथे सोसायट्या संपून डोंगर सुरू व्हायचा तिथे. खाली बालवाडी आणि शिवणाचा वर्ग, आठवड्यातून दोन दिवस दवाखाना. वर आमच्या खोल्या आणि एक छोटं चॅपेल. सात सिस्टर आणि आम्ही तिघी. संस्थेतलं पहिलं वर्ष उमेदवारीचं. फिकट निळी साडी नेसायची, घरातली सगळी कामं शिकायची, प्रार्थना शिकायची, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही बाजूंनी विचार करायचा. मुलीला राहायचंय का, आणि घराला ती हवी आहे का. दोन्हींचं उत्तर हो आलं तर पुढे दोन वर्षं प्रशिक्षण आणि मग दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही व्रतं. माझ्या बाजूचं उत्तर मी आल्या दिवसापासून देऊन बसले होते. फक्त मनातल्या मनात.

मी कुर्ल्याच्या गावठाणातली. आमच्याकडे ऑक्टोबरात आगेरा असतो, नव्या भाताचा सण. कुर्ल्यातली शेतं माझ्या जन्माआधीच गेली, तरी कुणीतरी वसईकडून भाताच्या लोंब्या आणायचं. त्या चर्चमध्ये नेऊन, आशीर्वाद घेऊन, वाजतगाजत घरी यायच्या. मम्मी त्यातली एक लोंबी दारावर खिळ्याला बांधायची. लहानपणी मी विचारलं होतं, ही आपण खायची नाही का? मम्मी म्हणाली, “नाही गं, ही देवासाठी वेगळी काढलीय.” मला त्या लोंबीचा फार हेवा वाटायचा. तिला दळायचे नाहीत, शिजवायचे नाहीत, आणि पाहुणे आले की ‘कितवीत आहेस’ असंही विचारायचे नाहीत. नुसतं दारावर उंच राहायचं, देवाचं होऊन.

एकविसाव्या वर्षी मी मठात जायचं म्हटलं तेव्हा मम्मी दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी सहा परकर शिवायला बसली. डॅडी एवढंच म्हणाले, “नीट विचार केलायस ना?” मी मान हलवली. धाकटा भाऊ म्हणाला, “झकास. तिथे कुणाशी बोलावं लागत नाही म्हणून चाललीय ही.” सगळे हसले. मी पण हसले. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. देवासाठी वेगळं काढलेलं आयुष्य म्हणजे खिळ्यावरची लोंबी, अशी माझी समजूत होती.

ती समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली. देवासाठी वेगळ्या काढलेल्या माणसांना लसूण सोलावा लागतो, बालवाडीतल्या चाळीस पोरांची नाकं पुसावी लागतात, पाण्याची मोटर बिघडली की मेकॅनिकशी हुज्जत घालावी लागते, आणि रोज संध्याकाळी पाच ते सहा गप्पा माराव्या लागतात.

या शेवटच्या गोष्टीची मला कुणी कल्पना दिली नव्हती. मठात मौन असतं हे मला ठाऊक होतं. रात्रीच्या प्रार्थनेपासून सकाळच्या नाश्त्यापर्यंत कुणी बोलायचं नाही, हा नियम मी एकदाही मोडला नाही. बाकीच्या दोघी रोज मोडायच्या. एक वसईची, शेतातून थेट आल्यासारखी टवटवीत, जिना उतरताना सुद्धा हसू फुटणारी. दुसरी नगर जिल्ह्यातली, धर्मशिक्षकाची मुलगी, खड्या आवाजात गाणारी. मौनात त्या दोघी खुणांनी इतकं बोलायच्या की मला बघूनच दमायला व्हायचं. मला वाटायचं, या परीक्षेत मी पहिली येणार.

पण मौनासारखीच गप्पांचीही घंटा होती. तिला ‘रिक्रिएशन’ म्हणायचे. चिंचेखाली बाकं मांडायची, चहा आणायचा, हातात हवं तर शिवण किंवा निवडायची भाजी घ्यायची, आणि प्रत्येकीने बोलायचं. नियमच होता. आजारी असाल तर मौनातून नाही, पण रिक्रिएशनमधून सुटका मिळायची, आणि मी ऑक्टोबरात तीनदा आजारी पडले होते.

बोलायचं मनात नव्हतं असं नाही. माझी शाळा इंग्रजी, घरी गावठाणातली मराठी, आणि इथे सगळ्यांची आणखी वेगवेगळी मराठी. मालवणकडची, वसईची, नगरची. कुणी काही विचारलं की माझ्या डोक्यात आधी इंग्रजी वाक्य यायचं, मग मी त्याचं मराठी करायची, मग क्रियापद तपासायची. तोवर बोलणं बालवाडीवरून पापडांवर गेलेलं असायचं. मग मी तयार वाक्य गिळायची आणि हसायची. त्या हसण्यालाही उशीर व्हायचा. नगरची मैत्रीण नंतर मला म्हणाली, “आम्हाला पहिले दोन महिने वाटायचं, तू शिष्ट आहेस. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली म्हणून आमच्याशी बोलत नाहीस.” मी घाबरून म्हटलं, “नाही.” तेवढंच म्हटलं. त्यामुळे तिचा किती विश्वास बसला असेल देव जाणे.

आणि आत काय चाललं होतं? तेच सांगायला हवं, कारण ते कुणालाच दिसत नव्हतं.

पहाटे साडेपाचला आम्ही चॅपेलमध्ये चटईवर बसायचो. डोंगराकडच्या खिडक्या उघड्या असायच्या. पलीकडे दुधाच्या केंद्रावर बाटल्यांचे ट्रे आपटायचे, मग तांबट पक्षी सुरू व्हायचा, टुक टुक टुक, कुणी भांड्याला ठोके देतंय तसा. मी काही मागायची नाही, काही म्हणायचीही नाही. फक्त बसायची. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणासमोर वाक्य तयार करून न्यावं लागत नव्हतं. मी यायच्या आधीपासून तिथे कुणीतरी माझी वाट बघत असायचं, आणि मी आले यातच ते खूश असायचं. कधी कधी मला इतका आनंद व्हायचा की ओठ आवळून धरावे लागायचे. दिवसभर तो माझ्यासोबत राहायचा. फरशी पुसताना, पोरांच्या डब्यातली चिकट केळी सोलताना, शिवणाच्या वर्गात सुया मोजताना. पण माझा चेहरा असा की आनंद झाला तरी तो तसाच राहतो. घरीही मम्मी म्हणायची, “वाढदिवसाचा फोटो काढला की दवाखान्यात काढल्यासारखा येतो हिचा.”

म्हणून त्या दिवशी खिडकीखाली मला वाईट वाटलं ते निंदेचं नाही. सिस्टर जे दिसत होतं तेच बोलल्या होत्या. वाईट वाटलं ते घरी जावं लागेल याचं. मी ठरवलं, ईस्टरपर्यंत मोकळं व्हायचं. जसं शाळेत गणित सुधारायचं ठरवायची, तसं.

पहिला उपाय म्हणजे विनोद. मी दोन दिवस खपून एक विनोद तयार केला. शाळेत ऐकलेला, इंग्रजीतला, त्यात एक माणूस, एक पोपट आणि एक दुकानदार होता. मी तो मराठीत लिहून काढला आणि पाठ केला. रिक्रिएशनमध्ये उभी राहिले. उभं राहायची गरज नसते हे तेव्हा सुचलं नाही. सगळ्यांनी हातातली मेथी खाली ठेवली. मी समोरच्या भिंतीकडे बघून एका दमात पूर्ण सांगितला आणि थांबले.

कुणी हसलं नाही. चिंचेवरून दोन पानं गळून पडली.

“बरं,” मालवणच्या सिस्टर आस्थेने म्हणाल्या, “आणि मग पोपटाचं काय झालं गो?”

विनोद तिथेच संपला होता. मी म्हटलं, “मेला.” म्हणजे मूळ विनोदात तो मरत नव्हता. पण काहीतरी सांगायला हवं होतं. सगळ्यांनी अरेरे म्हटलं. एका सिस्टरने तर क्रूसाची खूण केली.

वसईची मैत्रीण त्या दिवशी भांडी घासताना हसून हसून मोरीत बसली. “अगं, पोपट कशाला मारलास? आणि भिंतीला काय सांगत होतीस? आमच्याकडे बघ की यार!” मग ती मला रोज दहा मिनिटं शिकवू लागली. कुणी बोललं की ‘हो का?’ म्हणायचं, मग ‘मग?’ म्हणायचं, म्हणजे समोरचा बोलत राहतो आणि आपण बोलल्यासारखं होतं. ही युक्ती आठवडाभर चांगली चालली. मग एकदा देखरेखीच्या सिस्टर म्हणाल्या, “माझी आई वारली तेव्हा मी सातारला होते,” आणि मी म्हटलं, “हो का? मग?” त्यानंतर मी ती युक्ती बंद केली.

मार्चमध्ये मला घरभेटींना पाठवायला लागले. दवाखान्याच्या एका वयस्क सिस्टरबरोबर मी टेकडीखालच्या चाळींत जायची. कुणाचं बाळंतपण झालेलं असायचं, कुणाचं ड्रेसिंग करायचं असायचं. एका खोलीत एक कोकणातल्या आजी राहायच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर मुलाच्या आधाराने इकडे आलेल्या. पायाला जखम होती. सिस्टर पट्टी बांधत असताना आजी मला न्याहाळत होत्या. कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात निरांजन तेवत होतं. त्यांनी मला चहा दिला आणि सरळ विचारलं, “काय गो, दिसतंस बरी. लगीन का नाय केलंस? आमच्यात संन्यास घेतात ते म्हातारपणी. तुज्यावर कोण रागावलं काय?”

मी चहाकडे बघत राहिले.

“आजी,” सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाल्या, “तिच्यावर कुणी रागावलं नाही. तिच्यावर कुणाचा तरी फार जीव जडलाय. म्हणून आली ती.”

“कोणाचा?”

सिस्टरांनी बोट वर केलं. आजींनीही छताकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या देव्हाऱ्याकडे. “असां होय,” त्या म्हणाल्या. “मग तुका सासूचा त्रास नाय.” आणि खळखळून हसल्या.

परत येताना चढावर सिस्टर थांबल्या. त्यांना दम लागला होता. “मी मध्ये बोलले. पण तुला काय सांगायचं होतं तिला?”

“विचार करून सांगते, सिस्टर.”

“पुढच्या वर्षी?”

त्या चिडवत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत काळजी होती. पुढचं वर्ष मला इथे मिळणार की नाही, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

ईस्टर आला. पहाटेच्या मिस्साला आम्ही सगळ्यांनी मेणबत्त्या घेतल्या, नगरच्या मैत्रिणीने असं गायलं की सोसायटीतले लोक गॅलरीत आले, आणि मालवणच्या सिस्टरनी उपवासकाळात साठवलेला सगळा गूळ एका दिवसात संपवला. मी पोटभर जेवले, पोटभर आनंदात होते, आणि कुणाशी काही बोलले नाही.

पुढच्या रविवारी संस्थेच्या मोठ्या घराहून मदर, म्हणजे आमच्या प्रमुख, येणार होत्या. आमचा निर्णय त्याच दिवशी. शनिवारी दुपारी मालवणच्या सिस्टर नारळ आणायला स्टेशनकडे निघाल्या आणि जाताजाता ओरडल्या, “काळे वाटाणे भिजत घाल गो किलोभर! मदरला सांबारं आवडतं!”

मी डबा उघडला. वाटाणे अर्ध्या किलोच्या वर नव्हते. देखरेखीच्या सिस्टर बाहेर पॅसेजमध्येच होत्या. ‘सिस्टर, वाटाणे कमी आहेत’ एवढंच म्हणायचं होतं. मी दारापर्यंत गेले. त्या कुणाशी तरी बोलत होत्या. मी परत आले आणि कपाटं धुंडाळू लागले. जेवणघरातल्या काचेच्या कपाटात, सगळ्यात वरच्या फळीवर, कोकोचा एक जुना डबा सापडला. आत दोन-तीन मुठी काळे वाटाणे होते. त्यात पांढरे पावटे मिसळलेले. मला वाटलं, कुणीतरी निष्काळजीपणे एकत्र केलेत. वेगळे काढत बसण्यापेक्षा म्हटलं, पावटेही जाऊ देत, सांबाऱ्यात चालतात. सगळं पातेल्यात ओतलं, पाणी घातलं, रिकामा डबा पुसून जागेवर ठेवला. कुणाला त्रास न देता काम केलं याचा मला अभिमानही वाटला.

रविवारी कुकर ऐकेना. चार शिट्ट्या झाल्या, सहा झाल्या, नऊ झाल्या. “फसवलां माका वाण्यान!” मालवणच्या सिस्टर पळीने वाटाणे दाबून बघत होत्या. “अर्धे मेणासारखे आणि अर्धे खडे! आणि हे पावटे खंयसून इले?” मी कांदा चिरत होते. डोळ्यांत पाणी होतंच, ते कांद्याचं समजून चाललं.

जेवताना मदरच्या दाढेखाली कटकन आवाज झाला. त्या गोऱ्या, ठेंगण्या, सत्तरीच्या. मला वाटलं आता दात गेला. त्यांनी शांतपणे वाटाणा ताटाच्या कडेला ठेवला. “सिस्टर, तुमचे वाटाणे व्रताचे पक्के आहेत. एवढ्या आगीतूनही बदलले नाहीत.”

जेवणानंतर सात सिस्टर आणि मदर हॉलमध्ये गेल्या, दार लागलं, आणि आम्ही तिघी भांड्यांना लागलो. वसईची मैत्रीण पहिल्यांदाच गप्प होती. पाच मिनिटांत दार उघडलं. देखरेखीच्या सिस्टर कोकोचा डबा हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

“यात जे होतं, ते कुठे गेलं?”

मी धुवायला ठेवलेल्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

“म्हणजे?”

“सांबाऱ्यात, सिस्टर.”

त्यांनी डब्यात पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग त्या स्टुलावर बसल्या आणि हसायला लागल्या. अशा हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. हसता हसता त्यांनी जे सांगितलं ते उमेदवार मुलींना कधीच सांगत नाहीत. आमच्या संस्थेत मुलीला ठेवायचं की नाही हे अशाच दाण्यांनी ठरतं. प्रत्येक सिस्टर मूठ झाकून पेटीत एक दाणा टाकते. पांढरा पावटा म्हणजे हो, काळा वाटाणा म्हणजे नाही. या घरात चाळीस वर्षं तेच दाणे वापरात होते.

हॉलमध्ये बातमी पोचली तेव्हा तिथूनही हसण्याचा लोंढा आला. दवाखान्याच्या सिस्टर म्हणत होत्या, “म्हणजे ज्या पावट्याने मी आत आले, तो आज मी खाल्ला?” कुणीतरी म्हणालं, “तरीच पोटात जड वाटतंय.” मला तोंड कुठे लपवू असं झालं होतं, आणि तरी, मी कबूल करते, मलाही हसू येत होतं.

घरात दुसरे वाटाणे-पावटे उरले नव्हते आणि रविवारी दुपारी वाण्याचं दुकान बंद. कुणीतरी म्हणालं, कागदावर लिहू या. तेव्हा मालवणच्या सिस्टरांचा आवाज बाहेर आला. “मला काय लपवायचं नाही, मदर. मला जे म्हणायचं ते पोरींच्या समोर म्हणते.”

मग मदरनी आम्हा तिघींना आत बोलावलं. आम्ही ओल्या हातांनी भिंतीशी उभ्या राहिलो.

“मत तर आपण सगळ्यांनी मिळून खाल्लंय,” मदर म्हणाल्या. “आता हात वर करा.”

वसईच्या मैत्रिणीसाठी सात हात वर गेले. ती रडायलाच लागली. नगरच्या मैत्रिणीसाठी सात. मग माझं नाव घेतलं. एक, दोन, तीन, दवाखान्याच्या सिस्टरांचा, देखरेखीच्या सिस्टरांचाही. सहा. मालवणच्या सिस्टरांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या, शिजलंय की नाही ते बघताना बघतात तशा.

“सहा पुरेत,” मदर म्हणाल्या. “झालं. बसा मुलींनो.”

दोघी माझ्या शेजारी खाली बसल्या. वसईच्या मैत्रिणीने माझा पदर ओढला. मलाही बसता आलं असतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यासाठी तोंड उघडावं लागलं नव्हतं. नेहमीसारखंच.

पण मालवणच्या सिस्टरांच्या मांडीवरच्या त्या दोन हातांकडे बघून मला वाटलं, यांना हे न सांगता मी इथे राहिले, तर ते चोरून राहिल्यासारखं होईल. चांगलं ताट कोपऱ्यात तोंड फिरवून खावं तसं. डोक्यात इंग्रजी वाक्य आलं. मी त्याचं मराठी तपासत बसले नाही.

मी उभीच राहिले आणि भिंतीकडे न बघता त्यांच्याकडे बघून म्हटलं, “सिस्टर, मला इथे फार आनंद होतो. पहाटे उठल्यापासून होतो. चॅपेलमध्ये होतो, बालवाडीत होतो, तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही ओरडता तेव्हासुद्धा होतो. देवाला माहीत आहे ते. तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.”